लसूण, तेल आणि हवा

सकाळी सातची शाळा असली की डब्याची घाई काय असते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. कुकर लागतो, भाजी चिरून होते, पण लसूण सोलत बसायला वेळ नसतो. म्हणून अनेक घरांत रविवारीच दोन-चार गड्डे सोलून, मिक्सरमधून काढून आठवड्याचे वाटण करून ठेवतात. ते वाळू नये, त्याचा रंग बदलू नये म्हणून वर तेल घालतात. लोणचे तेलात वर्षभर टिकते, मग लसूण का टिकू नये, असा त्यामागचा विचार असतो. तो वरवर पटतो. पण तो नेमका कुठे चुकतो हे पाहिले, तर अन्न टिकवण्यामागचे बरेचसे विज्ञान हाती लागते.

गड्डा आणि वाटण

लसणाची प्रत्येक पाकळी म्हणजे अन्न साठवलेली एक कळीच होय. ती जिवंत असते, अतिशय मंद गतीने श्वसन करीत असते, आणि वरची कागदासारखी साले तिच्यातील ओलावा राखतात. म्हणूनच पातीसकट जुड्या बांधून हवेशीर जागी टांगलेला लसूण महिनोन्‌महिने राहतो. अख्खा गड्डा फ्रिजमध्ये ठेवणे मात्र फायद्याचे नसते. थंडीमुळे त्याची सुप्तावस्था मोडते आणि बाहेर काढल्यावर लवकर कोंब फुटतात.

अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो, हे आपण पाहिलेच असेल. लसणात ॲलिन नावाचे गंधकयुक्त संयुग असते. त्याला स्वतःचा वास नसतो. ॲलिनेज नावाचे विकरही लसणात असते, पण ते पेशींमध्ये ॲलिनपासून वेगळे ठेवलेले असते. पाकळी ठेचली की पेशी फुटतात, दोन्ही पदार्थ एकत्र येतात आणि काही सेकंदांतच ॲलिसिन तयार होते. आपल्या नाकाला झोंबतो तो हाच पदार्थ. १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी तो लसणातून वेगळा काढला आणि तो जीवाणूंना मारक असल्याचे दाखवले.

‘मग लसूण स्वतःच स्वतःला टिकवील’, असे एखादा विद्यार्थी म्हणेल. पण ॲलिसिन फार अस्थिर असते. त्याचे दुसऱ्या गंधकयुक्त संयुगांत रूपांतर होत राहते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाटणाचा वास ताज्या लसणासारखा राहत नाही, तो यामुळेच. ज्या रक्षकाची ताकद रोज घटते आहे, त्याच्या भरवशावर भांडार सोडता येत नाही.

तेलाखाली काय घडते?

लसूण जमिनीत वाढतो आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचे जीवाणू असतात. प्रतिकूल परिस्थितीत ते कठीण कवचाचे बीजाणू बनवतात. असे बीजाणू पाकळीवर असू शकतात, धुण्याने ते पूर्ण जातीलच असे नाही. एरवी त्यांचा त्रास होत नाही, कारण हा जीवाणू हवेतील ऑक्सिजनमध्ये वाढूच शकत नाही. त्याला हवा नको असते, ओलावा हवा असतो, आंबटपणा नको असतो आणि साधारण खोलीचे तापमान चालते.

आता तेलात बुडवलेला लसूण डोळ्यांसमोर आणा. तेलाने हवा तोडली. ताज्या लसणात निम्म्याहून अधिक पाणी असते, म्हणजे ओलावा आहे. त्याचा सामू (पीएच) साधारण सहाच्या आसपास असतो, म्हणजे आंबटपणा जवळजवळ नाही. बरणी ओट्यावर ठेवली तर तापमानही सोयीचे. या जीवाणूला जे जे हवे, ते सर्व आपण स्वतःच्या हाताने जमवून दिले!

अशा ठिकाणी बीजाणू रुजतात, जीवाणू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडवते. डोळ्यांना दोन-दोन प्रतिमा दिसतात, पापण्या मिटू लागतात, बोलणे व गिळणे कठीण होते आणि शेवटी श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. हा रोग विरळ आहे, पण प्राणघातक आहे. शिवाय विष तयार झालेल्या अन्नाचा वास, रंग वा चव बिघडलेली असेलच असे नाही.

१९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात हे प्रत्यक्ष घडले. एका उपाहारगृहात सोयाबीन तेलातला चिरलेला लसूण फ्रिजबाहेर ठेवून वापरला गेला आणि ३६ जणांना बाधा झाली. रोग इतका अनोळखी, की अनेकांचे निदान आधी दुसऱ्याच आजारांचे झाले. १९८९ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात तेलातल्या लसणामुळेच आणखी तिघे आजारी पडले. त्यानंतर अशा लसणात आम्ल किंवा जीवाणूंची वाढ रोखणारा दुसरा पदार्थ असलाच पाहिजे, असे बंधन तेथील सरकारने उत्पादकांवर घातले.

लसूण आधी तेलात परतून घेतला तर? तेल कितीही तापले, तरी पाकळीत पाणी आहे तोवर तिच्या आतले तापमान १०० अंश सेल्सियसच्या फारसे वर जात नाही. तेवढ्याने बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी ओल्या उष्णतेचे १२१ अंशांपर्यंत तापमान ठरावीक वेळ द्यावे लागते. डबाबंद अन्नाचे कारखाने ते काटेकोरपणे मोजून देतात, घरी ते साधत नाही.

मग लोणचे कसे टिकते?

कैरीच्या लोणच्याला खरे राखतात ते कैरीचा आंबटपणा आणि मीठ. सामू ४.६ च्या खाली गेला की हा जीवाणू वाढत नाही. मिठाचे प्रमाण पदार्थातील पाण्याच्या सुमारे १० टक्के झाले तरी त्याची वाढ थांबते. वरचे तेल हवा अडवते, त्यामुळे बुरशी येत नाही. म्हणजे तेल हे केवळ झाकण आहे, पहारा आंबट आणि खारटाचा आहे. लसणावर नुसते तेल घातले तर झाकण असते, पहारा नसतो. वाटणात चिमूटभर मीठ किंवा दोन थेंब लिंबू घातल्यानेही तो येत नाही.

लसणाची सुकी चटणी टिकते ती तिसऱ्या कारणाने. सुके खोबरे, तिखट आणि मीठ यांच्यासोबत कुटलेल्या थोड्याशा लसणाचे पाणी इतके विखुरते, की जीवाणूंना वाढण्यापुरता ओलावा उरत नाही.

घाईच्या सकाळसाठी

वेळ वाचवायचा तर चार मार्ग आहेत. पहिला, पाकळ्या फक्त सोलून, कोरड्या डब्यात, तेल न घालता फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि आठवड्याभरात संपवाव्यात. सगळा वेळ सोलण्यातच जातो, ठेचायला कितीसा लागतो? दुसरा, वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवावे आणि रोज एक वडी काढावी. गोठलेल्या अवस्थेत जीवाणू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. म्हणून वीज बराच वेळ जाऊन वड्या वितळल्या, तर त्या पुन्हा न गोठवता लगेच वापराव्यात किंवा टाकून द्याव्यात. तिसरा, पाकळ्या भरपूर व्हिनेगरमध्ये बुडवून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. चौथा, अर्थात, सुकी चटणी. तेलातलाच लसूण हवा असेल, तर तो फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा, ओट्यावर कधीही ठेवू नये.

व्हिनेगरमध्ये लसूण कधी कधी निळा-हिरवा होतो. घाबरण्याचे कारण नाही. लसणातील गंधकयुक्त संयुगे आणि अमिनो आम्ले यांच्यातील अभिक्रियेचा तो रंग आहे. उत्तर चीनमध्ये तर असा हिरवा लसूण मुद्दाम करून आवडीने खातात.

वर्गात करून पाहा

तीन पाकळ्या घ्या. एक सोलून अख्खी ठेवा. दुसरी कच्ची ठेचा. तिसरी अख्खीच दहा मिनिटे उकळून, गार झाल्यावर ठेचा. विद्यार्थ्यांना डोळे मिटून वास घ्यायला सांगा. तिसऱ्या पाकळीला तो उग्र वास का नाही? (उष्णतेने विकर निकामी झाले.) मग ताज्या वाटणाचा, लिंबाच्या रसाचा आणि लोणच्याच्या खाराचा सामू दर्शक कागदाने तपासा आणि प्रत्येकासमोर लिहा: ४.६ च्या वर की खाली?

शेवटी फळ्यावर एकच प्रश्न लिहा: ‘आपल्या घरात वर्षभर टिकणारे पदार्थ कोणते, आणि त्यांचा पहारेकरी कोण?’ विद्यार्थी पापड, सांडगे, मुरांबा, सुके बोंबील, चिंच अशी नावे सांगतील आणि ऊन, साखर, मीठ, आम्ल हे पहारेकरी एकेक करून समोर येतील. उत्तरांत कोणी ‘तेल’ असे लिहिले, तर त्याला इतकेच विचारा: तेलाच्या खाली काय आहे?