गावातला पहिला हात

दसरा झाला की केज तालुक्यातली गावे हळूहळू रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड बांधून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे तेवढी मागे राहतात. युसूफ वडगाव हे याच टापूतले गाव. फडावर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि कामावर खाडा पडला की दंड बसतो. मग कंबर दुखो, ताप येवो, अंगावरून जावो, दुखणे अंगावरच काढायचे. उन्हाळ्याच्या तोंडी गावी परतल्यावर कधीतरी ते कोणाला तरी दाखवायचे.

हे ‘कोणाला तरी’ म्हणजे नेमके कोणाला, हा या लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर चुकले की काय होते, ते बीड जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचे प्रकरण गाजले आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर शंभरात जवळजवळ सतरा. देशपातळीवरच्या २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. बीडमध्ये पुढे अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. ती योग्यच होती. पण परवानगीचा प्रश्न येतो तोवर बाई शस्त्रक्रियेच्या दारात पोचलेली असते. तिची वाट त्याच्या कितीतरी आधी, गावातच चुकलेली असते.

अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीच्या तक्रारी यांतल्या बहुतेकींची कारणे साधी असतात. जंतुसंसर्ग औषधांनी बरा होतो. रक्त कमी असेल तर भरून काढता येते. कर्करोगाची शंका असेल तर ती तपासून घेता येते. यासाठी मोठे इस्पितळ लागत नाही. नीट विचारणारा, नीट तपासणारा आणि ‘हे इथे बरे होईल, हे मात्र पुढे न्यायला हवे’ असे खात्रीने सांगणारा माणूस लागतो. तो गावात भेटला नाही की भीती बोलू लागते, आणि भीतीचा सल्ला नेहमीच महागात पडतो.

आता कोणी म्हणेल, जवळच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, मग अडचण कसली? अडचण अशी, की महाविद्यालय तालुक्याच्या गावी असते आणि दुखणे घरात असते. या दोहोंच्या मध्ये आशाताई, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, परिचारिका, रुग्णवाहिकेवरचा माणूस अशी मोठी साखळी उभी असते. ‘निमवैद्यकीय’ असा एक कोरडा शब्द आपण त्यांच्यासाठी वापरतो. तो ऐकला की वाटते, ही माणसे डॉक्टरांच्या निम्मी आहेत. खरे तर रुग्णाला लागणारा पहिला हात त्यांचाच असतो.

हा हात अधिक जाणता करावा, हे सरकारलाही उमगले. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत देशभरात दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रे उभारायचे ठरले. २०२३ पासून त्यांनाच आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. उपकेंद्रांच्या पातळीवर तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. परिचर्या किंवा आयुर्वेद शिकलेल्यांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम देऊन हे पद मिळते. त्यांच्याकडून अपेक्षा मात्र थोड्या नाहीत. रक्तदाब आणि साखर तपासणे, तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी, गरोदर बाई आणि तान्हे मूल, म्हातारपणाची दुखणी, मनाचे आजार, अपघाताचा प्रथमोपचार असे सारे त्यांच्याच टेबलावर येते. आता सांगा, एवढ्या गोष्टी सहा महिन्यांत हातात बसतात का? पाया म्हणून सहा महिने ठीक आहेत. त्यावर पुढचे मजले चढवायची सोयच आपण केलेली नाही.

पुढे शिकत राहण्याचा मार्ग मराठी मुलखाला नवा नाही. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. त्या एकदा शिकून मोकळ्या झाल्या नाहीत. वर्षानुवर्षे त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, गावातले रुग्ण डॉक्टरांपुढे मांडत, चूक-बरोबर समजून घेत आणि परत जात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. त्याचा वृत्तांत १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शिक्षण किती वर्षांचे यापेक्षा ते रुग्णाशी किती जोडलेले आणि किती काळ चालू राहिले, याला मोल आहे.

ब्रिटनने हीच गोष्ट विद्यापीठात नेली आहे. तिथे ‘पॅरामेडिक’ म्हणजे पूर्वी रुग्णवाहिकेवरचा माणूस. पुढे लक्षात आले, की रुग्णवाहिका बोलावणाऱ्या कितीतरी जणांना इस्पितळाची गरजच नसते. त्यांना घरी येऊन शहाणपणाने पाहणारे कोणी हवे असते. मग अनुभवी पॅरामेडिकना पदव्युत्तर शिक्षण देणे सुरू झाले. छाती कशी ऐकावी, तापलेल्या मुलात धोक्याची खूण कोणती, पडलेल्या म्हातारीला घरीच ठेवावे की न्यावे, औषधे एकमेकांना कशी बाधतात, आणि निघताना ‘अमुक झाले तर लगेच कळवा’ हे कसे बजावावे, असे सारे ते शिकतात. २०१८ पासून हे वरचे शिक्षण घेतलेल्यांना औषधे लिहून देण्याचाही अधिकार मिळाला. आज ते डॉक्टरांच्या दवाखान्यात बसतात आणि घरोघरी भेटी देतात.

आपल्याकडे असे काही निघाले, की ‘अर्धवट डॉक्टर तयार करणार का?’ असा सवाल येतो. भोर समितीने १९४६ मध्ये कमी मुदतीच्या वैद्यकीय शिक्षणाऐवजी एकाच दर्जाचा डॉक्टर असावा असे सुचवले. तेव्हाही काही सदस्यांचे मत वेगळे होते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात ‘सामुदायिक आरोग्य सेवक’ या मर्यादित परवान्याची तरतूद आली, तेव्हा डॉक्टर रस्त्यावर उतरले. भीती खोटी नाही, बोगस वैद्यांनी गावे पोखरली आहेत. पण गावात शिकलेला माणूस नसतो, म्हणूनच बोगस वैद्याचे फावते. छत्तीसगडने तीन वर्षे शिकवलेले ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक नेमले. २०१० च्या सुमारास त्यांची पाहणी झाली, तेव्हा नेहमीच्या दुखण्यांत त्यांची कामगिरी एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीची दिसली. मर्यादा नीट आखली आणि शिक्षण नीट दिले तर हे जमते.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. चार-पाच वर्षे गावात काम केलेल्या परिचारिकेला, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला किंवा १०८ च्या गाडीवरच्या माणसाला दोन वर्षांचे पुढचे शिक्षण मिळावे. तेही नोकरी न सोडता. काही दिवस अंबाजोगाईच्या वॉर्डात, बाकीचे आपल्याच गावात, मागे मार्गदर्शक डॉक्टर ठेवून. शिकून झाल्यावर वेगळे पद, वाढीव पगार आणि कायद्याने ठरलेली मोजकी औषधे लिहिण्याचा हक्क मिळावा. नाहीतर शिकलेला माणूस शहराची वाट धरणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आरोग्यसंलग्न व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला आहे. त्या चौकटीत हा अभ्यासक्रम बसवणे अवघड नाही. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठही याचसाठी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात टोळ्या परततील, तेव्हा फडावर दुखणे अंगावर काढलेली एखादी बाई उपकेंद्राची पायरी चढेल. तिला आतून तपासणारी, पंधरा दिवसांचे औषध देणारी, ‘पिशवी काढायची काही गरज नाही’ असे ठामपणे सांगणारी आणि महिन्याने पुन्हा तिच्या दारात जाणारी एक शिकलेली बाई तिथे असावी. वाचकहो, एका गर्भपिशवीची आणि एका संसाराच्या कर्जाची किंमत मोजून पाहिली, तर दोन वर्षांचे हे शिक्षण फार स्वस्त आहे.