थीम पार्क, एकटा माणूस आणि कॅमेरा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुट्टीच्या दिवशी एकट्याने किल्ल्यावर किंवा संग्रहालयात गेलेल्या माणसाला कोणी कारण विचारत नाही. तोच माणूस कॅमेरा घेऊन थीम पार्कला निघाला, की मात्र "सोबत कोण?" हा प्रश्न ठरलेला. त्या प्रश्नामागे काही पक्क्या समजुती आहेत. त्यांतल्या बहुतेकींना अनुभवाचा थोडा आधार आहे, म्हणून त्या खऱ्या वाटतात. त्या एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज : थीम पार्क मुलाबाळांसाठी असते, एकट्या मोठ्या माणसाचे तिथे काम नाही.

ही समजूत आठवणींतून आली आहे. 1989 मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि महाराष्ट्रातल्या अनेकांनी असे पार्क पहिल्यांदा पाहिले ते शाळेच्या सहलीत किंवा आईवडिलांचे बोट धरून. जाहिरातींतही हसरे कुटुंबच असते. मोठ्यांना बाजूला ठेवण्याचा हेतू मात्र या कल्पनेत कधीच नव्हता. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली मेरी-गो-राउंडवर फिरायच्या आणि वॉल्ट डिस्ने बाकावर बसून राहायचे. मोठ्यांनाही रमता येईल अशी जागा हवी, हा विचार तिथे सुचल्याचे त्यांनीच सांगितले आहे. त्यातूनच 1955 मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उभे राहिले. आजही मोठ्या रोलर कोस्टरना किमान उंचीची अट असते. लहानग्यांना त्यांत बसताच येत नाही.

गैरसमज : एकटे फिरणाऱ्याकडे सगळे बघतात आणि त्याची कीव करतात.

गटागटाने हिंडणाऱ्या गर्दीत आपण उठून दिसतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वाटणे आणि असणे यांतले अंतर मोजले गेले आहे. अमेरिकेतील थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले होते. निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच आला. ते तर एका खोलीत होते. पार्कात आलेल्यांचे डोळे पुढच्या रांगेवर, हरवलेल्या चपलेवर आणि रडणाऱ्या पोरावर असतात. हातात कॅमेरा असलेला माणूस तिथे काय करतो आहे, हे तर न विचारताही कळते.

गैरसमज : सोबत कोणी नसेल तर मजा येतच नाही.

सोबतीने आनंद वाढतो, हे खरे आहे. चूक आहे ती त्यापुढच्या निष्कर्षात : सोबत नसेल तर आनंद उरतच नाही. रेबेका रॅटनर आणि रेबेका हॅमिल्टन या संशोधिकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एका कलादालनात नेले, काहींना एकट्याने आणि काहींना जोडीने. एकट्याने जाणाऱ्यांनी आधी कमी मजेचा अंदाज बांधला होता. बाहेर आल्यावर दोघांच्या समाधानात फारसा फरक नव्हता. म्हणजे अडते ते आधीच्या अंदाजापाशी. शिवाय पार्कात गटाचा बराच वेळ "आता कुठे जायचे?" आणि "भूक लागली" यांत जातो. एकट्याला एकाच पाळण्यापाशी तासभर थांबता येते. छायाचित्रासाठी हा तास अमूल्य असतो.

गैरसमज : एकट्याला रांगेत तोटाच होतो.

गट एकमेकांची जागा धरतो, पाणी आणतो. एकट्याला ते जमत नाही. पण बसण्याच्या गणितात पारडे फिरते. कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या 'रेडिएटर स्प्रिंग्स रेसर्स' या राइडच्या मोटारीत सहा जागा असतात. पाच जणांचे कुटुंब बसले की सहावी रिकामी राहते. ती भरण्यासाठी तिथे एकट्यांची वेगळी रांग आहे आणि ती बहुधा मुख्य रांगेपेक्षा लवकर सरकते. सगळ्याच पार्कांत अशी सोय नसते, म्हणून प्रवेशापाशी विचारून घ्यावे. स्वतंत्र रांग नसली तरी रिकामी जागा भरताना "एकटे कोण आहे?" अशी हाक अनेकदा येते.

गैरसमज : फोटो काढत बसले की अनुभव हातचा जातो.

या समजुतीत तथ्य आहे, म्हणून ती बारकाईने पाहायला हवी. लिंडा हेंकेल यांच्या 2014 च्या संग्रहालयातील प्रयोगात, ज्या वस्तूंचा नुसता फोटो काढला त्या लोकांना कमी आठवल्या. मात्र त्याच अभ्यासात, वस्तूचा एखादा भाग जवळ घेऊन टिपणाऱ्यांची आठवण उणावली नाही. 2016 मध्ये क्रिस्टिन डील आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत फोटो काढणारे अनुभवात अधिक गुंतले आणि बहुतेक वेळा त्यांना मजाही जास्त आली. याच गटाच्या पुढच्या कामात असे दिसले, की समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी फोटो काढताना आनंद घटतो. एकूण निष्कर्ष स्पष्ट आहे : दिसेल ते टिपत सुटल्याने आठवण विरते, निवडून टिपल्याने नजर खोल जाते. आधी एक फेरी कॅमेरा पिशवीत ठेवून मारावी, मग तो बाहेर काढावा.

गैरसमज : चांगल्या फोटोसाठी महागडा कॅमेरा आणि ट्रायपॉड लागतो.

वेगाचे आणि रात्रीचे फोटो अवघड असतात, म्हणून हे पटते. पण खरे काम जागा आणि वेळ करतात. 2013 मध्ये सुरू झालेल्या खोपोलीच्या इमॅजिकातील 'नायट्रो' हा कोस्टर ताशी सुमारे 105 किलोमीटर वेगाने धावतो. सेकंदाच्या साठाव्या भागात तो जवळजवळ अर्धा मीटर सरकतो, म्हणून चित्र पुसट येते. हजाराव्या भागात जेमतेम तीन सेंटीमीटर. रुळाच्या एकाच वळणावर फोकस धरून दोन-तीन गाड्या जाऊ द्याव्यात. पुढच्या गाडीत पायाखाली तळ नसलेल्या आसनांवरून लोंबणारे बूटसुद्धा स्पष्ट मिळतात. डिस्नेलँडचा किल्ला केवळ 77 फूट उंच आहे. वर जाताना त्याचे दगड लहान होत जातात, म्हणून तो उंच भासतो. जवळ जाऊन, खाली बसून टिपला की हा भास आणखी वाढतो. सूर्यास्तानंतरच्या वीस-तीस मिनिटांत आकाशाची निळाई आणि दिव्यांचा उजेड जुळतात. तेव्हा फोन कठड्यावर टेकवला तरी पुरते. अनेक पार्कांत मोठ्या ट्रायपॉडना मनाई असते आणि डिस्नेने 2015 मध्ये सेल्फी स्टिकही बंद केल्या.

गैरसमज : तिकीट काढले, की कुठेही आणि कोणाचाही फोटो काढता येतो.

जिथे जो तो फोन उंचावून उभा आहे, तिथे सगळे चालते असे वाटते. पण पार्क ही खासगी जागा आहे आणि तिकिटासोबत तिचे नियम स्वीकारलेले असतात. चालत्या कोस्टरवर फोन काढणे हा नियमभंग तर आहेच, धोकाही आहे : हातातून सुटलेला फोन मागच्याच्या चेहऱ्यावर आदळू शकतो. पाण्याच्या खेळांपाशी आणि अनोळखी मुलांभोवती कॅमेरा खालीच असावा. गर्दीचे, पाठमोरे, दुरून घेतलेले दृश्य वेगळे. एखाद्याचा चेहरा नेमका टिपायचा असेल तर आधी विचारावे आणि नकार मिळाला तर फोटो काढू नये.

सोबत मिळेल तेव्हा सोबतीने जरूर जावे. पण केवळ सोबत नाही म्हणून जाण्याचा बेत रद्द करू नये. गर्दी नसलेला कामाचा दिवस निवडावा, परतीची बस किंवा गाडी आधी ठरवून ठेवावी, फोन पूर्ण चार्ज करावा आणि निघावे.