कागदाचा विजयंता

बँकेतून निवृत्त झाल्यावर वेळ कसा जातो, असे स्नेही नेहमी विचारतात. गेल्या उन्हाळी सुट्टीत माझा वेळ सातवीत शिकणाऱ्या नातवाने घेतला. चिमुकले सैनिक आणि रणगाडे पटावर मांडून खेळायच्या युद्धखेळाची त्याला गोडी लागली होती. तयार प्रतिकृतींच्या किमती ऐकून मी म्हटले, "आपण कागदाचा रणगाडा करू."

या खेळाला जुनी परंपरा आहे. प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ स्वीकारला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आपल्याकडे दिवाळीतल्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे याच कुळातले म्हणायचे.

नमुना गावातच होता. येथील रणगाडा संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या पुढाकाराने उभे राहिले. जुन्या रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून युद्धात हाती लागलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत अनेक वाहने तेथे पाहावयास मिळतात. आम्ही 'विजयंता' निवडला. ब्रिटनच्या विकर्स कंपनीच्या आराखड्यावरून चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात तो तयार होत असे.

प्रमाण ठरवले एकास पन्नास. तोफेची नळी सोडून रणगाड्याची लांबी सुमारे आठ मीटर, म्हणजे कागदावर सोळा सेंटीमीटर; रुंदी सव्वातीन मीटरांच्या आत, म्हणजे साडेसहा सेंटीमीटरांच्या आत. हा हिशेब नातवाने स्वतः मांडला.

साहित्य घरगुतीच होते: जाड कार्डशीट, पोलादी पट्टी, कटर, फेविकॉल. घडीच्या रेषेवरून शाई संपलेले बॉलपेन दाबून फिरवले की घडी सरळ बसते. तोफेची नळी उदबत्तीच्या काडीभोवती कागद गुंडाळून केली. दोन्ही बाजूंची मिळून बारा चाके पुठ्ठ्याचे तीन-तीन थर चिकटवून कापली.

सहाव्या दिवशी बुरूज चढवला, तर तो एका अंगाला कललेला! तळाच्या पेटीची एक भिंत जेमतेम एक मिलीमीटर उंच झाली होती. नातू म्हणाला, "दादाजी, रंग दिला की कळणार नाही." खरे सांगायचे तर मोह मलाही झाला. पण दिवसअखेरीस एका रुपयाचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत आम्ही बँकेतून उठत नसू. पेटी उकलली आणि दोन दिवसांचे काम पुन्हा केले.

रंगकामात घाई चालत नाही. पाणी जास्त झाले की कागद फुगतो; म्हणून ॲक्रिलिक रंगाचे पातळ हात एक वाळल्यावर दुसरा असे द्यावेत. कापलेल्या कडांची पांढरी रेघ आधी रंगवून घ्यावी. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिका रंग उंचवट्यांवरून हलकेच फिरवला की धुळीचा भास होतो. कुंचले खारीच्या केसांचेही असतात. आपल्या घरांत नायलॉनचेच घ्यावेत.

रणगाडा उभा राहिला, तेव्हा आत माणसे हवीत असा नातवाने हट्ट धरला. विजयंताचे चालकदल चौघांचे: पुढे चालक, बुरुजात नायक, तोफची आणि गोळे भरणारा. साडेपाच फुटी माणूस आमच्या प्रमाणात साडेतीन सेंटीमीटरांहूनही कमी उंच. तशा चार आकृत्या कापल्या. पण तोफेचा मागचा भाग धरून तिघांना बुरुजात बसवता बसवता नाकी नऊ आले.

नातू बराच वेळ आत डोकावून पाहत राहिला. मग म्हणाला, "दादाजी, एवढ्याशा जागेतून हे बाहेर कसे पडत असतील?" मजजवळ उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही दोघे पुन्हा संग्रहालयात गेलो. या खेपेस त्याने तोफेकडे फारसे पाहिले नाही. तो बुरुजावरची झाकणे मोजत होता.

आता सवंगडी जमले की पट मांडला जातो, हारजीत होते, आरडाओरडाही होतो. खेळाची नोंद ठेवायला मी त्याला एक जुनी खतावणी दिली आहे. परवा ती सहज उघडली. 'गमावलेले रणगाडे' या रकान्याशेजारी त्याने आपल्या हाताने आणखी एक रकाना आखला होता: 'माणसे'. रणगाड्यांखाली दोनचा आकडा होता आणि माणसांखाली आठचा.