सादरीकरणाचा दाखल क्रमांक

ग्रंथालयातल्या पुस्तकाची बांधणी बदलली, कपाट बदलले, तरी त्याचा दाखल क्रमांक तोच राहतो. आंतरजालावरील सादरीकरणांनाही संशोधकाला असाच आधार हवा. कारण व्याख्यानातली कितीतरी माहिती पुस्तकात येत नाही, ती स्लाइडवरच राहते.

गूगल स्लाइड्सचे उदाहरण घेऊ. सादरीकरण उघडल्यावर पत्त्यात दोन तिरप्या रेघांमध्ये ‘डी’ हे एकटे रोमन अक्षर दिसते. तिथून ‘एडिट’ या शब्दाआधीच्या रेघेपर्यंतची अक्षर-अंकांची लांबलचक माळ म्हणजे त्या फाइलची ओळख. तीत लहान व मोठी लिपी वेगळी धरतात. म्हणून ती हाताने उतरवू नये, कॉपी करावी. शीर्षक किंवा फोल्डर बदलले तरी ही ओळख टिकते; फाइलची प्रत काढली की मात्र प्रतीला नवी मिळते. पत्त्याच्या शेवटी त्या-त्या स्लाइडचीही स्वतंत्र ओळख असते. स्लाइडचा क्रम बदलला तरी ती बदलत नाही. त्यामुळे ‘सातवी स्लाइड’ म्हणण्यापेक्षा ती देणे भरवशाचे.

पण ही ओळख फाइलची आहे, मजकुराची नव्हे. आज आपण उद्धृत केलेला आकडा मालक उद्या बदलू शकतो. म्हणून दुसऱ्याचे सादरीकरण वापरताना ते पाहिल्याची तारीखही नोंदवावी. स्वतःचे सादरीकरण झेनोडोसारख्या भांडारात ठेवावे. ‘सर्न’ने २०१३ मध्ये सुरू केलेले हे भांडार प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय देते. मग वाचकाच्या हाती नेमकी तीच आवृत्ती पडते, आणि आपले विधान तपासण्याचा त्याचा हक्क शाबूत राहतो.