सतरंज्या कोणी उचलायच्या?

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात एक ठरलेले वाक्य असते : 'स्नेहसंमेलन मोठ्या उत्साहात पार पडले.' हे वाक्य मी स्वतः चार वेळा लिहिले आहे. 'पार पडले' हे क्रियापद मोठे सोयीचे. त्याला कर्ता लागत नाही. खुर्च्या कोणी आणल्या, मांडव कोणी बांधला, रात्री सगळे पांगल्यावर सतरंज्या झटकून कोणी घड्या घातल्या, हे विचारण्याची गरजच ते उरू देत नाही. प्रस्तुत लेखात मला तो कर्ता शोधायचा आहे.

मी चिखलदऱ्याच्या एका लहानशा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. घरातला मी पहिला पदवीधर. माझा बाप दर्यापूरकडच्या एका शाळेत रोजंदारीवर शिपाई होता. घंटा वाजवणे, पाणी भरणे आणि पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी मैदान झाडून फक्कीने रेषा आखणे ही त्याची कामे. झेंडावंदन सुरू झाले की तो मैदानाच्या कडेला नळाजवळ उभा राहायचा. मी मुलांच्या रांगेत असायचो आणि त्याच्याकडे बघायचे टाळायचो. आज माझे वेतनही घंटेवरच मोजले जाते. एका घंटेपासून दुसऱ्या घंटेपर्यंत जे शिकवले ते काम. त्याच्या अलीकडचे-पलीकडचे काहीच कशात धरले जात नाही. तेव्हा या विषयावर मी तटस्थपणे लिहितो आहे असा समज वाचकांनी करून घेऊ नये.

चिखलदरा म्हटले की वऱ्हाडातल्या माणसाला थंड हवा, धुके आणि गाविलगड आठवतो. परतवाड्याहून घाट चढून हजार मीटरच्या वर आलेला पर्यटक शनिवार-रविवार राहतो, पॉइंट पाहतो, रबडी खातो आणि उतरून जातो. आमचे विद्यार्थी मात्र उलट्या बाजूने येतात. सेमाडोह, हतरू, जारिदा, चुर्णी, काटकुंभ या आतल्या भागातून. बहुसंख्य कोरकू, काही गवळी, बलई, गोंड, आणि थोडे आमचे बौद्ध. कोरकू भाषा मुंडा कुळातली आहे. तिचे नाते संथाली आणि मुंडारीशी आहे, मराठीशी नाही. म्हणजे या मुलांना मराठी ही शाळेत भेटलेली भाषा आणि हिंदी बाजारात भेटलेली. आम्ही त्यांना 'अबोल' म्हणतो. परक्या भाषेत आपण स्वतः किती बोलके असतो?

अशा महाविद्यालयात प्राध्यापक मोजके आणि कार्यालयात त्याहून मोजके लोक. पावसाळ्यात कपाटातल्या फायलींना बुरशी चढते, वीज जाते, नेटवर्क नसते. पण बाहेरच्या माणसाला कळत नाही अशी गोष्ट ही, की विद्यार्थी महाविद्यालयात टिकतो तो व्याख्यानांमुळे फार थोडा आणि कार्यालयाच्या खिडकीमुळे फार जास्त.

शिष्यवृत्तीचेच घ्या. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना 1944 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी सरकारने वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद केली. पुढे ही योजना आदिवासी विद्यार्थ्यांपर्यंत पोचली आणि तिच्यावर आपल्या कित्येक पिढ्या शिकल्या. मीही तिच्यावरच शिकलो. आज तिचा अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर भरावा लागतो. जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते, एवढे सगळे जुळले पाहिजे. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे येतो. तो छाननी करतो, मग प्राचार्य मंजुरी देतात, मग तो पुढे जातो : आदिवासी विद्यार्थ्याचा धारणीच्या प्रकल्प कार्यालयाकडे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचा अमरावतीला समाजकल्याणकडे. कोठेही अडला की परत खाली येतो, आणि परत आल्याचे विद्यार्थ्याला मोबाइलवर कळते. पण त्याच्या गावात मोबाइल लागत नाही!

अडतो कशावर? बहुधा नावावर. कोरकूंची नावे आणि आडनावे मराठी शाळामास्तराने कानाला लागली तशी लिहिली. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'कासदेकर', आधारवर 'कास्देकर', बँकेत इंग्रजीतून तिसरेच काही. माणूस एक, कागद तीन. यंत्राला तिघे दिसतात. आमचे लिपिक दरवर्षी असे अर्ज वेगळे काढतात आणि मुलांना एकेक करून बोलावून दुरुस्तीचा रस्ता सांगतात. सांगतात मराठीतून. ते समजले नाही की आमचा रोजंदारीवरचा शिपाई, जो स्वतः कोरकू आहे, खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहून तेच कोरकूत सांगतो. मुलाबरोबर आई-बाप आलेले असतील तर तोच त्यांना बसवतो, पाणी देतो, दाखला कोणत्या टेबलावर मिळेल ते समजावतो. त्याच्या कामाच्या यादीत 'दुभाषी' हा शब्द नाही. 'समुपदेशक' तर नाहीच. मूल्यांकनाच्या अहवालात आमच्याकडे समुपदेशन कक्ष आहे. त्यावर एका प्राध्यापकाचे नाव आहे. खरा कक्ष त्या खिडकीबाहेर उभा असतो.

(या अहवालांविषयी एकदा सविस्तर लिहायला हवे. हल्ली प्रत्येक कार्यक्रमाचे छायाचित्र लागते आणि त्यावर ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही. धुक्यात घेतलेल्या वृक्षारोपणाच्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश स्पष्ट आले आणि झाड दिसेना, असे आमच्याकडे घडलेले आहे.)

आता राष्ट्रीय सेवा योजना. ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांतून सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर करायचे, अशी तिची रचना. तिच्यामागचा विचार मला वाईट वाटत नाही. शहरातल्या, हाताला माती न लागलेल्या मुलाने खेडे पाहावे, श्रमाची लाज सोडावी. पण हा विचार ज्या विद्यार्थ्याला समोर ठेवून झाला तो विद्यार्थी मेळघाटात नाही. आमचा विद्यार्थी सुटीत रोजगार हमीच्या कामावर असतो. दिवाळीनंतर त्याचे आई-बाप कामासाठी खाली मैदानात उतरतात, तेव्हा घर आणि लहान भावंडे तोच सांभाळतो. पावसाळ्याच्या रविवारी तो कणसे भाजून विकतो किंवा हॉटेलात ताटे धुतो. त्या रविवारी आम्ही त्याला श्रमदानाला बोलावतो. जे त्याच्याकडे विकायला एकच आहे, तेच त्याच्याकडून दान मागतो!

मी शिबिराचे काम पाहू लागलो तेव्हा पहिल्या वर्षी हे माझ्या लक्षात आले नाही. आम्ही शोषखड्डे खणले. कोरकू मुलांनी आमच्या दुप्पट वेगाने खणले आणि मी त्यांची पाठ थोपटली. संध्याकाळी 'बौद्धिक' झाले. त्यात वक्ते श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलले आणि दिवसभर खणलेली मुले मागच्या रांगेत झोपली. दुसऱ्या वर्षी मी काम बदलले. खणणे अर्धे केले. उरलेल्या वेळात मुलांना ग्रामपंचायतीचे जमाखर्च वाचायला, रोजगार हमीच्या कामाचे मोजमाप कसे लिहितात ते पाहायला आणि ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारायला लावले. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीरसारख्या गावाने आपले जंगल राखले, सीताफळांचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. हे काम फावड्याने झालेले नाही, ते अर्ज, नकाशे आणि ठराव यांनी झाले. ज्याला फावडे येते त्याला ठराव लिहिता यावा, असे मला वाटते. शिबिराच्या हिशेबात मात्र हे काम दाखवता येईना. किती घनमीटर खोदले याला रकाना होता, किती मुलांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला याला नव्हता. शेवटी लिपिकांनीच मार्ग काढला. ते म्हणाले, 'सर, खड्ड्याची पावती लावू, सभेचं टिपण मागं जोडू. वाचणारा वाचन.' अनुदान उशिराच येते. तोवर किराणा दुकानाची उधारी त्यांच्या शब्दावर चालते. त्यांचे नाव शिबिराच्या पत्रिकेवर मी कधी पाहिले नाही.

स्नेहसंमेलनाविषयी लिहिताना मला माझ्याविरुद्धच साक्ष द्यावी लागेल. आमच्याकडे ते होळीच्या बरेच आधी उरकावे लागते, कारण होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण आणि त्या दिवसांत वर्ग रिकामे असतात. तीन वर्षे मी सांस्कृतिक समितीत होतो. कामे वाटताना मी जातीचा विचार केला नाही असे मला प्रामाणिकपणे वाटत असे. सूत्रसंचालन कोणाला? ज्याची मराठी स्वच्छ त्याला. आभार? तेच. हिशेब? ज्याच्या घरी दुकान आहे त्याला. रांगोळी आणि पाहुण्यांचे औक्षण मुलींना. मांडव, पाणी, खुर्च्या, सतरंज्या? 'ती पोरं करतील, त्यांना सवय आहे.' हे वाक्य माझ्या तोंडचे आहे. आणि मग कार्यक्रमाच्या शेवटी त्याच पोरांचे कोरकू नृत्य. पाहुणे टाळ्या वाजवतात, छायाचित्रे निघतात, 'आदिवासी संस्कृतीचे जतन' असा मथळा अहवालात पडतो. नृत्य संपले की नाचणारे पोशाख उतरवून सतरंज्या उचलायला येतात.

जातिसंस्था ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडले. मी ते वर्गात शिकवतो. त्याच महिन्यात मी ती वाटणी कागदावर केली, खाली सही केली आणि मला ती दिसली नाही. आपण दलितांनी हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. प्रस्थापितांनी आपल्याला जेथे उभे केले होते तेथे आपण आता दुसऱ्याला उभे करीत आहोत काय, हा प्रश्न मेळघाटातल्या प्रत्येक दलित शिक्षकाने आणि कार्यकर्त्याने स्वतःला विचारावा. नळाजवळ उभा असलेला माझा बाप मला कळत होता. खुर्च्या वाहणारा कोरकू मुलगा मला 'उत्साही' वाटत होता.

आपल्याकडे याहून वेगळे उदाहरण आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात, 1950 नंतरच्या पहिल्याच पिढीने, म. भि. चिटणिसांचे 'युगयात्रा' उभे केले. पुढे दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्याच्यापाशी थांबावे लागले. तेथे संमेलनाच्या रंगमंचावर उभी राहणारी मुले आणि मागची कामे करणारी मुले एकाच वसतिगृहातली होती. वाटणी नव्हती असे मी म्हणणार नाही, पण नाटकातली माणसे आणि नाटक करणारी माणसे एक होती. आमच्या रंगमंचावर कोरकू येतो तो पाय घेऊन, तोंड घेऊन नाही.

आणि आमचे विद्यापीठ ज्यांच्या नावाचे आहे त्या गाडगेबाबांची ओळख काय? खराटा. कीर्तनाला उभे राहण्याआधी गाव स्वतः झाडणारा माणूस. ज्याने झाडले तोच बोलला, ही गोष्ट त्यांच्या बाबतीत मला सर्वांत मोठी वाटते. आम्ही त्यांच्या जयंतीला स्वच्छता अभियान घेतो. प्राचार्य, पाहुणे, प्राध्यापक नवे खराटे घेऊन रांगेत उभे राहतात. ते खराटे आदल्या दिवशी शिपाई परतवाड्याहून एसटीने आणतो आणि जागाही आदल्या दिवशीच झाडून ठेवतो, कारण छायाचित्रात फार कचरा बरा दिसत नाही.

विद्यार्थ्यांनीच हे सगळे का ठरवू नये, असे कोणी विचारील. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांच्या जागी वर्गातल्या पहिल्या क्रमांकाला प्रतिनिधी केले. 2016 च्या कायद्यात निवडणूक पुन्हा आली. आमच्याकडे मी तरी ती पाहिलेली नाही. गुणांवर प्रतिनिधी नेमला की तो बहुधा स्वच्छ मराठीवालाच निघतो, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

गेल्या संमेलनाला आम्ही कामांच्या चिठ्ठ्या टाकल्या. सूत्रसंचालनापासून सतरंज्यांपर्यंत. चुर्णीकडच्या एका मुलीला प्रास्ताविक आले. ती म्हणाली, 'कोरकूत बोलू?' ती कोरकूत बोलली तेव्हा सभागृहातली मागची बाजू प्रथमच हसली, आणि पुढच्या रांगेतले आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी एका पालकांनी कार्यालयात येऊन विचारले की आमच्या मुलाला सतरंज्या उचलायला काऊन लावले. हे मी धरून चाललो होतो. जे धरले नव्हते ते शिपायाने विचारले.

'सर, हे पोरंच करतीन, तं माह्ये दोन दिवस लागतीन का?'

त्याचे म्हणणे खरे होते. संमेलनाच्या दोन दिवसांची जादा हजेरी त्याला मांडव आणि सतरंज्यांवरच मिळत असे. विद्यार्थ्यांमध्ये समता आणताना मी त्याची मजुरी कापत होतो. कामे वाटून घ्यायची आणि कामावरचा माणूस घालवायचा, हे सरकारलाही आवडण्यासारखेच. लिपिकांनी आणि मी बसून त्याची हजेरी 'मंच व्यवस्था मार्गदर्शन' या नावाखाली दाखवली. प्राचार्यांनी एक प्रश्न विचारून सही केली. पुढच्या वर्षी ती मिळेल की नाही हे सांगता येत नाही.

त्या नावाखाली हजेरी दाखवायची तर कार्यक्रमपत्रिकेवरही त्याचे नाव हवे, असे ठरले. छपाईला मजकूर द्यायच्या वेळी लक्षात आले की आम्हा प्राध्यापकांपैकी एकालाही त्याचे पूर्ण नाव माहीत नव्हते. लिपिकांनी हजेरीपट काढला. त्याचेही आडनाव दोन वर्षी दोन तऱ्हांनी लिहिलेले होते. कोणते खरे, हे त्याला बोलावून विचारले.

तो म्हणाला, 'आधारवरलं टाका. त्याच्यावर पैसे येतेत.'