म्हातारं कुत्रं जास्त पाणी पितंय? भांडं उचलून ठेवू नका

माण, खटाव, आटपाडी, जत या भागात वस्तीवरचं कुत्रं म्हणजे हौसेचं जनावर नव्हे. मेंढरांमागं चालणारं, रात्री राखण करणारं घरचंच एक माणूस. असं कुत्रं आठ-दहा वर्षांचं झालं की कधीकधी एकदम पाणी जास्त प्यायला लागतं. सारखी लघवी करतं, रात्री ओसरीवरच करतं. घरचे वैतागतात आणि संध्याकाळीच पाण्याचं भांडं उचलून ठेवतात. हे अजिबात करू नका.

किडनी रक्तातली घाण गाळून लघवीवाटे टाकते आणि अंगाला लागणारं पाणी मागं ठेवते. ती थकली की पाणी मागं ठेवता येत नाही. लघवी पातळ आणि जास्त होते. ती तूट भरायला कुत्रं पाणी पितं. भांडं काढलं तरी लघवी थांबत नाही, अंगातलंच पाणी निघून जातं आणि उरलीसुरली किडनीही बसते.

जास्त तहान म्हणजे किडनीच, असंही नाही. मधुमेहात तहान वाढते, कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला तरी वाढते. म्हणून तपासणी लागतेच. रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, पण साधारण पाऊण किडनी निकामी झाल्यावरच ते वाढलेलं दिसतं. लघवीच्या तपासणीत त्याआधी अंदाज येतो. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत धरून नेली तर उत्तम. आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. पुढच्या तपासणीसाठी खंडाळा तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जतकरांना ते लांब पडतं, त्यामुळं निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

गेलेली किडनी परत येत नाही. राहिलेली मात्र सांभाळता येते. लवकर कळलं तर कुत्रं काही महिने, कधी काही वर्षंही बरं राहतं.

यात निम्मं काम खाण्याचं. थकलेल्या किडनीला फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही आणि आपण प्रेमानं घालतो त्यातच तो जास्त असतो. हाडं, सुकट, काळीज हे बंद. मटणाचा खारट रस्साही बंद, त्यातला कांदा-लसूण तर निरोगी कुत्र्यालाही वाईट. मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, थोडं बिनहाडाचं उकडलेलं चिकन चालतं. दुधातही फॉस्फरस असतो, म्हणून भाकरी-दूध किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. मांस-अंडी पूर्ण तोडू नका, कुत्रं वाळत जातं. बदल आठवडाभरात हळूहळू करा. एवढं करून ते तोंडच लावत नसेल, तर खाईल ते थोडं द्या. उपाशी राहणं त्याहून वाईट. फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध, रक्तदाबाची गोळी, कातडीखाली सलाईन हे डॉक्टर ठरवतील.

आपल्या भागातली काही कारणं वेगळी सांगावी लागतील. तासगाव, कवठेमहांकाळला बेदाण्याच्या शेडवर कुत्री मोकळी फिरतात. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची किडनी दोन-तीन दिवसांत बंद पाडू शकतो. एखादं कुत्रं खाऊन धडधाकट राहतं, दुसरं थोड्यावरच जातं, त्यामुळं "आमचं खातंय की" यावर जाऊ नका. खाल्लेलं दिसलं की लगेच डॉक्टर गाठा. कराड, वाळव्याच्या उसात उंदरांच्या लघवीतून लेप्टो होतो, तोही किडनीवर जातो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. हा रोग माणसालाही होतो, आजारी कुत्र्याची लघवी उघड्या हातानं पुसू नका. गोचीड तापही किडनी खराब करतो. आणि कुत्रं लंगडतंय म्हणून घरातली अंगदुखीची गोळी भाकरीत घालून देतात, तीही किडनीचीच वैरी.

सतत उलटी, तोंडाला उग्र वास, तोंडात फोड, दिवसभर लघवीच नाही, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर असलेल्या वस्तीवर कुत्र्यासाठी दोन भांडी ठेवा, एक ओसरीवर, एक गोठ्याजवळ सावलीत. बांधलेलं कुत्रं असेल तर साखळी भांड्यापर्यंत पोचते का, ते बघा.