कुत्रा शिकायला पाठवताना

कुत्र्याला काही आठवडे निवासी प्रशिक्षण केंद्रात ठेवण्याची सोय आता पुण्या-मुंबईकडेही आहे. तिथे तो ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ शिकतो खरा. पण शब्दाबरोबर जागा, माणूस आणि आवाजही लक्षात ठेवतो. म्हणून मैदानात प्रशिक्षकाच्या एका शब्दावर बसणारा कुत्रा घरची बेल वाजली की पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो. धडा तो विसरलेला नसतो, या दारापाशी अजून शिकलेलाच नसतो. त्यामुळे चांगलं केंद्र मालकाचीही शिकवणी घेतं: पट्टा कसा धरायचा, खाऊ कधी द्यायचा. बूड जमिनीला टेकताच द्यायचा. तो उठल्यावर दिलात तर बक्षीस उठण्याला मिळतं.

पाठवण्याआधी रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपरच्या लसी पूर्ण हव्यात. कुत्री एकत्र राहतात तिथे संसर्गजन्य खोकलाही झपाट्याने पसरतो.

प्रशिक्षण बघू न देणाऱ्या किंवा विजेचे, टोचणारे पट्टे वापरणाऱ्या केंद्रात कुत्रा अजिबात ठेवू नये. भीतीने गप्प झालेलं जनावर शहाणं झाल्यासारखं दिसतं, पण कोंडीत सापडलं की चावू शकतं. आणि कुत्रा घरी परतल्यावर घरातल्या सगळ्यांनी केंद्रातलेच शब्द वापरून रोज थोडा सराव घ्यावा.